वेलू अण्णांचं ताट

रविवारी संध्याकाळी पुंगोलच्या जेट्टीवर सगळे फोटो काढायला फोन उंच धरतात. वेलू अण्णा ताट धरायचे. साधं स्टीलचं, जेवायचं ताट. कापडी पिशवीतून ते बाहेर काढायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे, कठड्याला टेकून दोन्ही हातांनी छातीसमोर धरायचे आणि कलत्या उन्हात हळूहळू फिरवायचे. मग ताट खाली घेऊन वाट बघायचे. समोर खाडी आणि खाडीपलीकडे जोहोर, म्हणजे मलेशिया. तिकडच्या क्रेन आणि चिमण्या इथून दिसतात, आणि एका बाजूला झाडीचा एक तुकडा उरलाय तोही दिसतो. थोड्या वेळाने त्या झाडीच्या पायथ्याशी एक पिवळा ठिपका चमकायचा. विझायचा, पुन्हा चमकायचा. तो दिसला की अण्णा ताट पिशवीत घालायचे आणि शेजारी कुणी असो नसो, म्हणायचे, "ड्यूटी खतम."

मी नातीला घेऊन जेट्टीवर जायचे. मिलिंद, माझा मुलगा, इथे इंजिनिअर आहे. सूनही नोकरी करते. नात लहान, म्हणून मला जालन्याहून बोलावून घेतलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि अनोळखी माणसाशी बोलायची सवय जन्मात नाही. लिफ्टमध्ये कुणी हसलं तरी मी वरचे आकडे बघत राहते. त्यामुळे कितीतरी रविवार मी त्या म्हाताऱ्याकडे लांबूनच बघितलं. पण त्यांचं ताट मला बघवत नव्हतं. मधोमध मळकट, कडेला पाण्याचे डाग. जालन्यात मी लोकांच्या घरी भांडी घासून मुलगा शिकवला. वाईट घासलेलं भांडं मला दुरूनही टोचतं. एका रविवारी तोंडून निघूनच गेलं, "ताट नीट घासलेलं नाही." तेही मराठीतून. त्यांना शब्द कळले नसावेत, पण माझं बोट कळलं. त्यांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ताट माझ्या हातात दिलं.

घरी नेऊन मी ते लिंबाच्या सालीने आणि मिठाने घासलं, धुऊन वाळवलं आणि शेवटी कोरड्या पिठाने चोळून पुसलं. पुढच्या रविवारी अण्णांनी ते उन्हात धरलं तेव्हा शेजारी गळ टाकून बसलेल्या माणसाने डोळ्यांवर हात घेतला. अण्णा वळून म्हणाले, "शाबाश. तुम भरती हो गया." तेव्हापासून ताट घासायचं काम माझं झालं. ते आमच्याच इमारतीत राहतात हेही तेव्हा कळलं, मग आम्ही बरोबरच जायला लागलो.

त्यांची हिंदी अशीच होती, कवायतीची. ते तमिळ, रबराच्या मळ्यात जन्मलेले. युद्धाच्या काळात हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फौजेची माणसं मळ्यात येत, मजुरांच्या पोरांना रांगेत उभं करत आणि हिंदुस्थानीतून कवायत शिकवत. पोरवयात घोकलेली ती भाषा त्यांना शेवटपर्यंत येत होती. तिच्यात हुकूमच जास्त. लिफ्टचं दार उघडलं की "आगे बढो." नात रडायला लागली की "सिपाही, खामोश." माझी हिंदी जालन्याची, मोहल्ल्यातली. दोघांचं मिळून काम चालायचं. मी त्यांना अण्णा म्हणायचे, ते मला बहन म्हणायचे. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "हुकुम नहीं है." साखरेचा त्रास होता म्हणून लाडू पुढे केला की "हुकुम नहीं है." बाकावर सावलीत सरकून बसा म्हटलं तरी तेच. पहिल्यांदा मला हसू यायचं. त्या वाक्याच्या मागे काय आहे ते कळल्यावर हसू गेलं.

चालताना ते प्रत्येक मोठ्या झाडापाशी थांबायचे आणि सालीवरून अंगठा तिरका ओढायचे, वरून खाली, एका लयीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, रबराचं झाड असंच कापतात. साल तेवढी कापायची, आतलं लाकूड दुखवायचं नाही. दुखवलं तर झाड चीक देतं, पण त्या जागी गाठ येते आणि ती गाठ जात नाही. ज्यांनी अण्णांना ऐन जवानीत तुरुंगात टाकलं त्यांना झाड कापायचं हे शिक्षण नव्हतं, असं मला नंतर वाटलं.

त्यांची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी कळली. मळा जोहोरमध्ये. तरुणपणी काम शोधत पूल ओलांडून ते इकडे आले, बसमध्ये कंडक्टर झाले, संघटनेत गेले. संप केला. मग एका पहाटे पोलीस आले. खटला नाही, साक्ष नाही, शिक्षा किती तेही नाही. ते आत गेले तेव्हा पुलाच्या दोन्ही टोकांना एकच देश होता. बाहेर आले तेव्हा दोन झाले होते, आणि दोन्हींपैकी एकही त्यांना आपलं म्हणायला तयार नव्हता. इकडे राहू दिलं, पण नागरिक केलं नाही. तिकडे तर पाऊलही ठेवायची मनाई. मनाई उठवायला तिकडच्या कचेरीची एकच अट होती. एका ओळीत लिहून द्यायचं, की मला लोकांनी बहकवलं, माझी चूक झाली.

"हमने क्या मांगा था? इतवार की छुट्टी," अण्णा म्हणायचे. "बहकाया किसने? मैंने खुद मांगा था. अब माफी किस बात की मांगूं, इतवार की?"

त्यांच्याबरोबर आत असलेले बहुतेक जण गेले होते. एक उरला होता, आह सेंग नावाचा चिनी म्हातारा. तो शहराच्या मरीन परेड भागात मुलाकडे राहायचा आणि कधीकधी रविवारी दोघांसाठी कॉफी घेऊन यायचा. त्याने ती ओळ फार पूर्वीच लिहून दिली होती. दर महिन्याला तिकडे जायचा आणि अण्णांसाठी तिकडची केळी आणायचा. अण्णा केळ्याचा वास घ्यायचे आणि म्हणायचे, "हुकुम नहीं है." आह सेंग चिडायचा. एक ओळ तर आहे, कागद खाईल ती, तुझ्या पोटात थोडीच जाणार आहे, असं तो म्हणायचा. ते दोघं मलय भाषेत भांडायचे आणि अण्णा मला हिंदीत सांगायचे. मी एकदा विचारलं, याचा राग नाही येत? अण्णा म्हणाले, "उसके बच्चे थे. मेरे होते तो मैं भी लिखता." अण्णांनी लग्न केलं नव्हतं.

त्यांचं तिकडे एकच माणूस होतं, धाकटी बहीण पोन्नी. मळा विकला गेल्यावर ती खाडीकाठच्या वस्तीत मुलाजवळ राहायला आली. पूर्वी ती इकडे येऊन भेटून जायची. पुढे पाय गेले, मग कान गेले. मुलगा सेल्वम फोनवर तिचा चेहरा दाखवायचा, पण तिला कळायचंच नाही कुठे बघायचं. ती सेल्वमच्या अंगठ्याकडे बघून हसायची. म्हणून ताट. मळ्यात दुपारचं जेवण तयार झालं की आई घराच्या दारातून पितळी ताट उन्हात धरायची. ती चमक झाडांमधून लांबवर दिसायची आणि कामावरची माणसं, पोरं जेवायला परतायची. आईचं तेच ताट पोन्नीजवळ होतं. तिकडचा ठिपका पिवळा दिसायचा तो त्यामुळे.

यात एक रीत होती, आणि ती अण्णांनी मला नीट समजावून सांगितली. घराकडून आधी ताट चमकलं तर त्याचा अर्थ एकच, घरी या. म्हणून पोन्नी कधीही आधी चमकवत नसे. अण्णांनी इकडून चमकवायचं, म्हणजे मी आहे. मग तिने चमकवायचं, म्हणजे दिसलास. ढग असले तर दोघं नुसती बसून राहायची. "जो आ नहीं सकता उसको बुलाना मतलब सताना," अण्णा म्हणाले. "वो कभी नहीं बुलाती."

आणि एका रविवारी आम्ही जेट्टीवर पोचलो तर अण्णांचं ताट अजून पिशवीतच, आणि पलीकडे पिवळा ठिपका चमकत होता.

अण्णा थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मलाही दिसतंय ना म्हणून. मला दिसत होतं. त्यांनी घाईने ताट काढून उलटसुलट फिरवलं, चमक भलतीकडेच जात होती. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच, त्याच्या पुढच्याही. अण्णांचं बोलणं कमी झालं. सेल्वमला फोन केला तर तो म्हणाला, आई बरी आहे, झोपली आहे. अण्णांना ते पटलं नाही. एवढी वर्षं जी बोलावत नव्हती ती आता बोलावते आहे, म्हणजे तिला कळलंय की तिचे दिवस भरत आले, असा त्यांनी अर्थ लावला. मलाही तोच खरा वाटला.

"लिख दूंगा," एके दिवशी ते मला म्हणाले. झाडापाशी उभे होते, पण अंगठा ओढत नव्हते. "बहन बुला रही है. अब इतवार-वितवार कुछ नहीं."

आह सेंगने सगळी धावपळ केली. सोमवारी सकाळी तो टॅक्सी घेऊन येणार आणि दोघं सही करायला जाणार असं ठरलं. त्याच्या आदल्या शनिवारी मिलिंदच्या मित्राच्या गाडीतून आम्ही सगळे जोहोरला जाणार होतो. इथले लोक सुट्टीला तसे जातातच, बाजार करायला, मासे खायला. मी हे अण्णांना सांगितलं आणि सांगताना मलाच कसंतरी झालं. ते हसले. म्हणाले, मग पोन्नीला निरोप दे. तिला ऐकू येत नाही, तेव्हा तिच्यासमोर उभी राहा आणि असं कर. त्यांनी रिकाम्या हातांनी ताट धरल्यासारखं केलं, ते छातीशी घेतलं आणि मग एक पाऊल पुढे टाकलं. म्हणजे दिसलं, निघालोय. मी लाजाळू बाई. ते पाऊल मला जमेना. घरी कोणी नसताना ओट्यापाशी उभी राहून मी दोनतीनदा करून बघितलं.

पुलावर फार वेळ गेला नाही. खिडकीतल्या मुलीने माझा पासपोर्ट उघडला, माझ्याकडे बघितलं आणि पुढे जाऊ दिलं. मला त्या देशातलं एक झाड ठाऊक नाही, एक माणूस ठाऊक नाही. माझं इकडे राहणंसुद्धा मिलिंदच्या नोकरीच्या पासवर. नोकरी गेली की मीही गेले. आणि तरी मी बाजाराची रिकामी पिशवी घेऊन दोन्हीकडे जाऊ शकत होते.

बाकीचे जेवायला बसले तेव्हा मिलिंदने मला सेल्वमच्या घरापर्यंत सोडलं आणि तो गाडीत थांबला. सेल्वम पन्नाशीचा, कारखान्याच्या कपड्यांत. त्याच्याबरोबर बिहारी आणि बांगलादेशी मजूर काम करतात, म्हणून त्याला कामापुरती हिंदी येते. मी वेलू अण्णांकडून आले म्हटल्यावर तो दारातच उभा राहिला. मग बाजूला झाला. भिंतीवर पोन्नीचा फोटो होता. हार सुकलेला होता, म्हणजे कालपरवाचा नव्हता. फोटोखाली पितळी ताट टेकवून ठेवलं होतं.

माझे हात निरोप द्यायला तयार होऊन आले होते. ते मी पदरात घेतले.

सेल्वमने सगळं सांगितलं. ती पोंगलच्या आधीच गेली. शेवटच्या रविवारी तिला खाडीवर नेलं होतं, पण आभाळ होतं, ऊन निघालंच नाही. ती ताट मांडीवर घेऊन बसून राहिली. मामाला सांगायचं त्याच्याच्याने झालं नाही. मामाला या ताटाशिवाय दुसरं काय आहे, असं त्याला वाटलं. म्हणून तो स्वतःच ताट घेऊन जायला लागला. तोंडासमोर खोटं बोलता येणार नाही म्हणून त्याने मामाला भेटायला पूल ओलांडणं सोडलं. मी विचारलं, तू आधी का चमकवतोस? त्याला प्रश्नच कळला नाही. कामावरून सुटला की तो तसाच खाडीवर जायचा आणि लगेच चमकवायचा, मामाला ताटकळत उभं राहायला लागू नये म्हणून. "पहले, बाद में, क्या फरक है, आंटी?" तो म्हणाला. ती रीत आईने त्याला सांगितलीच नव्हती. ती दोन भावंडांची होती.

मी त्याला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. रात्रभर मी विचार करत होते की हे बोलायचं कसं, आणि माझ्यासारखीने का बोलायचं. पण सोमवारी सकाळी टॅक्सी येणार होती. अण्णा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. पिवळा ठिपका आधीच चमकत होता. त्यांनी ताट काढायला पिशवीत हात घातला आणि विचारलं, "संदेश दिया?"

मी म्हटलं, "अण्णा, थाली सेल्वम चमकाता है."

त्यांनी हात पिशवीतून काढला नाही. "कब से?"

"पोंगल के पहले से."

ते बाकावर बसले. मी त्यांना ढगाळ रविवारचंही सांगितलं, मांडीवरच्या ताटाचंही. सेल्वमला रीत माहीत नव्हती हेही सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर ते समोर न बघता म्हणाले, "तो बुलाया किसने?"

मी म्हटलं, "किसीने नहीं."

पलीकडे ठिपका पुन्हा चमकला. थांबला. पुन्हा चमकला. पोरगं उत्तराची वाट बघत होतं. अण्णा उठले, कठड्यापाशी गेले, ताट छातीसमोर धरलं आणि सावकाश फिरवलं. ठिपका विझला. मग ते म्हणाले, "शिफ्ट करके आता है बेचारा. उसको मत बताना." ड्यूटी खतम म्हणाले नाहीत.

सोमवारी त्यांनी टॅक्सी परत पाठवली. आह सेंग माझ्याकडे येऊन बराच वेळ हातवारे करत बोलला. तो रागावलाय एवढं कळलं. त्याचं म्हणणं मला अण्णांकडून कळलं, की बहीण नसली तरी मळ्याची माती आहे, आईला जिथे पुरलं ती जागा आहे, एकदा बघून तर ये. अण्णांनी त्याला दिलेलं उत्तर मला नंतर सांगितलं. "जिंदा बहन के लिए झूठ बोल देता. मुर्दों को झूठ नहीं चाहिए." आणि मग म्हणाले, "बोल देता, बहन. यही तो शरम है. साठ साल बाद बोल ही देता."

त्यानंतरही आम्ही दर रविवारी गेलो. तिकडून एक पोरगं मेलेल्या आईच्या नावाने ताट चमकवायचं, आणि इकडे सगळं ठाऊक असलेला म्हातारा त्या पोरासाठी उत्तर द्यायचा. मधे मी उभी, दोघांचं खोटं सांभाळत. तिकडून दर वेळी आधीच चमक यायची, म्हणजे दर रविवारी अण्णांना घरी ये, घरी ये असंच ऐकू येत असणार. ते कवायतीची हिंदी बोलेनासे झाले. लिफ्टचं दार उघडलं की गुपचूप आत जायचे. एकदा मी सवयीने लाडू पुढे केला. मला वाटलं, हुकुम नहीं है म्हणतील. त्यांनी तो घेतला आणि सगळा खाल्ला.

डिसेंबरच्या पावसात ते गेले. रविवारही नव्हता, आणि आठवडाभर ऊनही नव्हतं. सेल्वमला फोन मीच केला. परक्या माणसाला आपण होऊन केलेला माझा तो पहिला फोन. अंत्यविधीला आह सेंग, सेल्वम आणि मी, एवढेच. आह सेंगने केळ्यांचा एक फणा आणला होता, तो शवपेटीजवळ ठेवला आणि मग तिथल्या माणसाने तो उचलून बाजूला ठेवला.

अस्थींचं मडकं सेल्वमने आपल्या बॅगेत कपड्यांमधे नीट ठेवलं. मी अण्णांचं स्टीलचं ताट घासून आणलं होतं, तेही दिलं. आईच्या ताटाशेजारी ठेवीन म्हणाला. निघताना त्याने मला विचारलं, "मामा को पता तो नहीं चला ना?"

"नहीं," मी म्हटलं.

त्याचा चेहरा हलका झाला. म्हणाला, "एक इतवार नहीं छोडा, आंटी. हमेशा पहले मैं ही चमकाता था. मामा को कभी रुकना नहीं पडा."

मी मान हलवली.

घरी पोचलो, हे सांगायला संध्याकाळी त्याचा फोन आला. अस्थी आता मळा होता तिथल्या ओढ्यात सोडणार होता. मी विचारलं, पुलावर बॅग उघडायला लावली का? तो म्हणाला, नाही. काही विचारलं का? विचारलं म्हणाला. खाण्याचं काही नेतोयस का, एवढंच विचारलं.

तो नाही म्हणाला, आणि त्यांनी अण्णांना जाऊ दिलं.